'कीप ऑन'च्या जागी दुसरा शब्द कुठला? नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

नोकरीला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. व्हिडिओ कॉलवर आम्ही सात-आठ जण होतो, त्यातला एक मुलगा कॉन्ट्रॅक्टवर होता, त्याचं नेट गंडलं आणि तो कॉलमधून बाहेर पडला. तेवढ्यात मॅनेजरबाईंनी मला विचारलं, 'आर वी कीपिंग हिम ऑन?' मला वाटलं त्याला परत कॉलवर घ्यायचं का असं विचारतायत, त्याचा विषय तर बोलून झाला होता, म्हणून मी आपलं समजूतदारपणे बोलून गेले, 'नो नो, लेट हिम गो.' पुढची काही सेकंद सगळे गप्प. मग मला एकटीला चॅटवर मेसेज आला, तुझं त्याच्याशी काही बिनसलंय का?

झालं असं होतं की 'कीप समवन ऑन' म्हणजे एखाद्याला कामावर पुढे चालू ठेवणं, आणि 'लेट समवन गो' म्हणजे त्याला कामावरून काढणं, फक्त जरा गोड शब्दांत. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं का एवढा साधा प्रश्न होता आणि मी त्या बिचाऱ्याला घरी पाठवून मोकळी झाले होते. कॉन्ट्रॅक्ट वाढलं त्याचं, काळजी नसावी.

त्यानंतर मी 'कीप ऑन' आणि त्याच्या सगळ्या भावकीच्या मागेच लागले. इंग्रजी शिकताना आपल्याला समानार्थी शब्दांच्या याद्या मिळतात, एकाखाली एक पंधरा शब्द, आणि आपण त्यातला जो जरा भारी दिसतो तो उचलून वाक्यात टाकतो, आणि मग समोरचा माणूस वाक्य दोनदा वाचतो. यादीतले शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हीच तर सगळी गोम आहे. तर मी काय करते ते क्रमाने सांगते, पहिल्या दोन पायऱ्यांना वेळ द्या, बाकीच्या पटपट होतात.

पायरी १: आपला 'कीप ऑन' कुठल्या जातीचा आहे ते बघा

दिसायला शब्द एकच पण कामं निदान पाच. पहिलं, काहीतरी करत राहणं: 'शी केप्ट ऑन वॉकिंग', ती चालतच राहिली. दुसरं, माणसाला कामावर ठेवणं, ज्यात मी तोंडावर आपटले ते. तिसरं, एकच विषय उगाळत बसणं किंवा एखाद्याच्या मागे टुमणं लावणं, यात पुढे 'अबाउट' किंवा 'ॲट' येतो: 'ही कीप्स ऑन अबाउट हिज न्यू फोन', 'शी कीप्स ऑन ॲट मी'. चौथं, अंगावरचं कपडा-चप्पल-चष्मा काही न काढणं किंवा दिवा-मशीन बंद न करणं: 'कीप युअर शूज ऑन'. पाचवं रस्त्यावरचं, 'कीप स्ट्रेट ऑन', म्हणजे सरळ जात राहा, कुठे वळू नका.

आता या पाचांना समानार्थी शब्द एकच कसा असेल? पहिल्याला 'कंटिन्यू', दुसऱ्याला 'रिटेन', तिसऱ्याला 'नॅग' किंवा 'हार्प ऑन', चौथ्याला 'लीव्ह ऑन', पाचव्याला 'गो स्ट्रेट अहेड'. 'रिटेन युअर शूज' असं म्हणून बघा, बूट जप्त व्हायचे होते ते वाचले असं काहीतरी वाटतं. म्हणून आधी जात, मग शब्द.

ओळखायची एक सोपी खूण आहे, 'कीप' आणि 'ऑन'च्या मध्ये काय बसलंय ते बघायचं. मध्ये माणूस असेल, 'कीप हिम ऑन', तर नोकरीचा मामला. मध्ये वस्तू असेल, 'कीप द लाइट ऑन', तर न काढणं, न बंद करणं. मध्ये काहीच नाही आणि पुढे 'आयएनजी'वालं क्रियापद आलं तर करत राहणं. आणि 'हिम', 'हर', 'इट' असे छोटे शब्द असले की ते मध्येच बसतात, 'कीप ऑन हिम' असं कुणी म्हणत नाही. 'कीप ऑन ॲट हिम' म्हणतात, पण ते वेगळंच, तो बिचारा वैतागलेला असतो.

जाता जाता, ब्रिटिश लोक 'कीप युअर हेअर ऑन' म्हणाले तर डोक्याला हात लावून बघू नका, 'इतकं चिडू नकोस, शांत हो' एवढाच अर्थ. अमेरिकन हेच शर्टाबद्दल म्हणतात, 'कीप युअर शर्ट ऑन'.

पायरी २: वाक्य आधी मराठीत बोला आणि शेवटचं क्रियापद ऐका

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि हे मला कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही. इंग्रजीत 'करत राहणं' या कल्पनेच्या छटा दाखवायला वेगवेगळे शब्द लागतात. मराठीत आपण तेच काम शेवटच्या छोट्या क्रियापदावर सोडतो. बघा, बोलत राहिला, बोलत बसला, बोलत सुटला, बोलत आलाय, लावून धरलं, रेटून नेलं. पाच वर्षाच्या पोराला पण यातला फरक कळतो, कुणी शिकवावा लागत नाही. मग हे आयतं हत्यार हातात असताना इंग्रजी याद्या कशाला पाठ करायच्या?

'करत राहिला' आलं की साधं, तटस्थ. इथे 'केप्ट', 'केप्ट ऑन', 'कंटिन्यूड', 'कॅरीड ऑन', 'वेंट ऑन' यातलं काहीही चालतं, फरक फक्त टोनचा, तो पुढे बघू.

'करत बसला' आलं की त्यात आपली नाराजी आहे, वेळ फुकट गेला असं आपण म्हणतोय. इथे 'कंटिन्यूड' टाकलंत तर नाराजी गळून पडते, वाक्य रिपोर्टसारखं होतं. इथे 'केप्ट ऑन'च राहू द्या, किंवा बोलण्याबद्दल असेल तर 'वेंट ऑन अँड ऑन', दोनदा 'ऑन' आला की ऐकणाऱ्याची जांभई पण पोचते.

'करत सुटला' म्हणजे आगापीछा न बघता, दिसेल त्याला. 'जो भेटेल त्याला सांगत सुटला'. याला इंग्रजीत सगळ्यात जवळचं म्हणजे 'वेंट अराउंड टेलिंग एव्हरीवन', ते 'कीप ऑन'च्या यादीत सापडणारच नाही, कारण इंग्रजीला ही कल्पना वेगळ्या घरात ठेवावीशी वाटली.

'नेटाने करत राहिला', 'चिकाटी सोडली नाही' असं तोंडात आलं तर कौतुक आहे, अडचण आहे आणि माणूस अडचणीला पुरून उरलाय. इथे 'पर्सिव्हिअर' शोभतो. बोलीत 'केप्ट ॲट इट', 'स्टक ॲट इट', किंवा 'प्लग्ड अवे', यातल्या शेवटच्यात कंटाळवाणं काम रोज थोडं थोडं करत गेल्याचा वास आहे. 'कसंबसं रेटलं' असेल तर 'सोल्जर्ड ऑन', म्हणजे बरं वाटत नव्हतं, मन लागत नव्हतं तरी सैनिकासारखं चालत राहणं. 'पुढे रेटून नेलं' असेल तर 'प्रेस्ड ऑन' किंवा 'पुश्ड ऑन'.

'लावून धरलं', 'हट्टच धरून बसला', 'सांगूनही ऐकेना' असं आलं तर 'पर्सिस्ट'. याला दोन तोंडं आहेत बरं का, कधी कौतुक, कधी टोमणा. 'इफ यू पर्सिस्ट इन कमिंग लेट' असं वरिष्ठांच्या मेलमध्ये वाचलंत तर ते तुमच्या सातत्याचं कौतुक नाही, पुढची ओळ नीट वाचा. आणि 'पर्सिस्ट' माणसालाच लागतो असं नाही, दुखणं, ताप, पाऊस, अफवा, शंका सगळ्यांना लागतो. औषधांच्या वेष्टनावर 'इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट, कन्सल्ट अ डॉक्टर' असतं ना, लक्षणं हटत नसतील तर, तोच हा. तिथे 'पर्सिव्हिअर' चालणार नाही, ताप काही चिकाटीने प्रयत्न करत नसतो.

'टुमणं लावलं', 'घोशा लावला', 'पिच्छा पुरवला' तर 'नॅग', 'पेस्टर', 'बॅजर'. 'नॅग' म्हणजे घरातल्यासारखी भुणभुण, 'पेस्टर' म्हणजे हे दे ते दे करत मागे लागणं, 'बॅजर' जरा दांडगा, प्रश्नावर प्रश्न विचारून हैराण करणं. माणसाच्या मागे न लागता विषयाचंच पालुपद चालू असेल तर 'हार्प ऑन'. हार्प म्हणजे ते तंतुवाद्य, एकच तार छेडत बसल्यासारखं. ब्रिटिश बोलीत 'बँग ऑन अबाउट' पण ऐकाल, त्यात तारेऐवजी डबा बडवल्याचा आवाज आहे.

आणि 'करत आलोय'. इथे बहुतेक नवशिके फसतात. 'मी दोन वर्षं हेच करत आलोय' याचं 'आय ॲम कीपिंग ऑन डूइंग धिस सिन्स टू इयर्स' होतं, आणि त्यात एक नाही तीन चुका आहेत. 'आय हॅव बीन डूइंग धिस फॉर टू इयर्स', बास. 'आलोय' ऐकू आलं की 'कीप'ला हात लावायचा नाही, 'हॅव बीन'कडे जायचं.

पायरी ३: रेघ की ठिपके?

मागच्या पायरीने चार-पाच उमेदवार हातात आले असतील, त्यात 'कंटिन्यू' पण असेल आणि 'कीप' पण. आता डोळ्यासमोर क्रिया आणा. न तुटता लांबच लांब चाललेली रेघ आहे, की थांबून थांबून परत होणारे ठिपके?

फोन वाजतोय, बंद होतोय, परत वाजतोय, हे ठिपके. मी छत्री विसरते, परत विसरते, परवा परत विसरले, हे पण ठिपके. इथे 'कीप' किंवा 'कीप ऑन'च लागतो, 'आय कीप फरगेटिंग माय अम्ब्रेला'. याच्या जागी 'आय कंटिन्यू फरगेटिंग' म्हटलं तर विसरण्याचा एकच प्रोजेक्ट महिनाभर अखंड चालू आहे असं वाटतं. पाऊस, चर्चा, संप, प्रवास या रेघा, तिथे 'कंटिन्यू' मोकळेपणाने वापरा.

'कीप' आणि 'कीप ऑन' यांच्यातच काय फरक, असं विचाराल. बहुतेक वेळा दोन्ही चालतात, 'ऑन' लागला की जोर वाढतो, एकतर जिद्द दिसते नाहीतर वैताग. पण 'शांत राहा', 'उबदार राहा' यात क्रिया नाही, अवस्था आहे, तिथे 'ऑन' येतच नाही: 'कीप क्वाएट', 'कीप वॉर्म'. 'कीप ऑन क्वाएट' हे कुठल्याच गावचं इंग्रजी नाही. आणि 'मला ताटकळत ठेवलं' याचं 'केप्ट मी वेटिंग', इथे पण 'ऑन'ला जागा नाही.

पायरी ४: शब्दाच्या मागून कोण येतं ते पाठ करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. शब्द बरोबर निवडला पण त्याच्या मागचं शेपूट जुन्याच शब्दाचं ठेवलं की वाक्य लंगडतं.

'कीप ऑन'च्या मागे कायम 'आयएनजी', 'कीप ऑन टू डू' कधीच नाही. 'कॅरी ऑन'चं पण तसंच, 'कॅरी ऑन रीडिंग', आणि नाम आलं तर बहुतेकदा 'विथ' लावायचा, 'कॅरी ऑन विथ युअर वर्क'. 'कंटिन्यू' सगळ्यात मनमिळाऊ, 'कंटिन्यू रीडिंग', 'कंटिन्यू टू रीड', 'कंटिन्यू विथ द वर्क', नुसतं 'कंटिन्यू द वर्क', सगळं चालतं, म्हणून घाईत असाल तर याच्याकडे जा. 'पर्सिस्ट'ला क्रियापदाआधी 'इन' हवा, 'पर्सिस्ट इन आस्किंग'. 'पर्सिव्हिअर'ला सहसा 'विथ' किंवा 'इन'. 'प्लग अवे'ला 'ॲट'. 'प्रेस ऑन'ला 'विथ'.

'गो ऑन'ची गंमत जरा थांबून बघा, कारण इथे शेपूट बदललं की अर्थच बदलतो. 'शी वेंट ऑन टीचिंग' म्हणजे ती शिकवतच राहिली, आधीपासून शिकवत होती. 'शी वेंट ऑन टू टीच' म्हणजे आधी दुसरंच काहीतरी करत होती, पुढे जाऊन ती शिकवायला लागली. मी एकदा एका ओळखीच्या बाईंचा परिचय लिहिताना हा घोळ घातला होता, त्या कारकून म्हणून काम करत राहिल्या असं मला म्हणायचं होतं आणि वाचणाऱ्याला वाटलं त्या आधी कुणीतरी मोठ्या होत्या, नंतर कारकून झाल्या.

'स्टिक'ची तिन्ही भावंडं पण लक्षात ठेवा, ती एकमेकांचे कपडे घालत नाहीत. 'स्टिक ॲट' म्हणजे अवघड काम न सोडणं, 'स्टिक टू' म्हणजे ठरलेल्या प्लॅनला, नियमाला, शब्दाला धरून राहणं, 'स्टिक विथ' म्हणजे माणसाची किंवा वस्तूची साथ न सोडणं.

पायरी ५: ठेवण्याचं खातं वेगळं उघडा

'कीप ऑन'ची दुसरी बाजू म्हणजे राखणं, टिकवणं, हातातून जाऊ न देणं. इथले शब्द बरेचसे लॅटिनमधून आलेत आणि त्यांची गोष्ट मला फार आवडते. लॅटिनमध्ये 'तेनेरे' म्हणजे धरणं. 'रिटेन' म्हणजे मागे धरून ठेवणं, जाऊ न देणं. 'मेंटेन' म्हणजे हातात धरणं, त्यातला 'मेन' म्हणजे हात, 'मॅन्युअल'मधला हातच तो. 'सस्टेन' म्हणजे खालून धरून ठेवणं, टेकू देणं. 'डिटेन' म्हणजे अडकवून ठेवणं, पोलिसवाला. 'कंटेन' म्हणजे आतल्या आत धरणं. 'टेनंट' म्हणजे जागा धरून असलेला, भाडेकरू. आणि कमाल म्हणजे 'कंटिन्यू' पण याच घरचा, एकमेकांना धरून असलेलं, मध्ये तुटलेलं नाही असं. म्हणजे पुढे चालू राहणं आणि धरून ठेवणं हे दोन्ही मुळात एकाच धरण्यातून आले. आपल्याकडे पण काम चालू 'ठेवतात' आणि माणसाला कामावर 'ठेवतात', क्रियापद तेच.

मग कुठे कुठला? मी मनात चित्र आणते. हातातून सुटून जायची भीती असेल तर 'रिटेन': कर्मचारी, ग्राहक, हक्क, ताबा, पावती, अगदी भिंतीने धरून ठेवलेली उष्णता पण. वकिलाला आधीच पैसे देऊन आपल्यासाठी राखून ठेवतात त्या फीला 'रिटेनर' म्हणतात, आणि दातांच्या तारा काढल्यावर दात परत हलू नयेत म्हणून जे लावतात त्यालाही 'रिटेनर'च. दोन्हीकडे भीती तीच, सुटून जाईल.

सुटून जायची नाही पण बिघडायची भीती असेल तर 'मेंटेन': मशीन, दर्जा, वेग, संबंध, वजन. आपण मराठीत बोलताना पण 'मेंटेनन्स'च म्हणतो, 'रिटेन्शन' नाही म्हणत, तेवढं आठवलं तरी पुरे. दमून बसकण मारायची भीती असेल तर 'सस्टेन': वाढ, उत्साह, प्रयत्न. मूळ रूप बदलू नये, खराब होऊ नये म्हणून जपायचं असेल तर 'प्रिझर्व्ह'. आणि साध्या बोलण्यात या कुणाचीच गरज नाही, 'होल्ड ऑन टू' किंवा 'हँग ऑन टू' म्हणा, 'हँग ऑन टू युअर टिकट', तिकीट जपून ठेव. त्यातला 'टू' विसरलात तर मात्र 'होल्ड ऑन' म्हणजे थांब जरा, फोनवरचं.

'कीप अप' पण या गल्लीतलाच, पातळी खाली येऊ न देणं. 'कीप इट अप' म्हणजे शाबास, असंच चालू दे. पुढे 'विथ' लागला की मात्र बरोबरीने धावणं, 'आय कान्ट कीप अप विथ यू', मला तुझा वेग झेपत नाही.

पायरी ६: कपडे कुठले घालून जायचंय?

हे थोडक्यात. अर्ज, करार, रिपोर्ट यात 'कंटिन्यू', 'रिटेन', 'पर्सिस्ट', 'मेंटेन'. रोजच्या मेलमध्ये 'कंटिन्यू', 'कीप', 'कॅरी ऑन'. मित्रांशी 'कीप ॲट इट', 'हँग ऑन टू', 'प्लग अवे'. मित्राला 'प्लीज पर्सिव्हिअर' म्हटलंत तर तो विचारेल बरा आहेस ना.

'कॅरी ऑन' अमेरिकेपेक्षा ब्रिटनमध्ये जास्त ऐकू येतो. १९३९ साली दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने लोकांना धीर द्यायला एक लाल पोस्टर छापलं, 'कीप काम अँड कॅरी ऑन', शांत राहा आणि आपलं चालू ठेवा. आपल्या लिपीत ते 'काम ठेवा' असं वाचलं जातं, तेही काही चुकीचं नाही म्हणा. जवळपास २५ लाख प्रती छापल्या, पण भिंतींवर त्या फारशा लागल्याच नाहीत, बऱ्याचशा लगद्यात गेल्या. २००० साली इंग्लंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग ते मगांवर, टी-शर्टांवर, मोबाइलच्या कव्हरवर सगळीकडे पसरलं. त्या पोस्टरवर 'कीप ऑन' का नाही याचा मी बरेचदा विचार करते. एक तर 'कीप' आधीच येऊन गेलाय. आणि 'कीप ऑन' म्हटलं की कान पुढचं काहीतरी मागतो, काय करत राहू? 'कॅरी ऑन' एकटा उभा राहतो, जे चाललं होतं तेच.

फक्त सांभाळून, 'कॅरीइंग ऑन विथ समवन' असं माणसाबद्दल म्हटलं तर त्यांचं काहीतरी लफडं चालू आहे असा अर्थ निघतो. 'आय ॲम कॅरीइंग ऑन विथ माय कलीग' असं रिपोर्टमध्ये लिहू नका. 'कॅरी ऑन विथ द वर्क' बिनधास्त लिहा.

पायरी ७: हे तिघं समानार्थी नाहीत, यादीत दिसले तरी

'रिझ्यूम' म्हणजे मध्ये खंड पडल्यावर परत सुरू करणं. थांबलाच नाहीत तर 'रिझ्यूम' कशाला? जेवणाच्या सुट्टीनंतर मीटिंग 'रिझ्यूम' होते, सुट्टीच घेतली नाही तर 'कंटिन्यू' होते. 'प्रोसीड'मध्ये पुढच्या टप्प्याकडे जाणं आहे, आहे तिथेच चालू राहणं नाही. आणि 'रिमेन' अवस्थेचा, 'रिमेन सीटेड', बसून राहा, त्याने क्रिया चालू राहत नाही.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ खजिना. खजिन्यात सगळं एकत्र टाकलेलं असतं, कुठला दागिना कुठल्या प्रसंगी घालायचा याची चिठ्ठी त्यात नसते. म्हणून तिथून शब्द उचलला की मी तो लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात टाकून दोन-तीन उदाहरणं वाचते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलीही घ्या, ऑनलाइन फुकट आहेत, आणि त्यात पुढे 'इन' येतो की 'विथ' ते ठळक अक्षरात दिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ८: स्वतःच्या लिखाणावर चालवून बघा

माझ्याच एका जुन्या मेलचा मसुदा घेते, पाचही वाक्यांत 'कीप ऑन' ठोकलेला. पहिलं वाक्य, 'आय कीप ऑन वर्किंग ऑन द रिपोर्ट.' मराठीत काय म्हणायचं होतं? रिपोर्टचं काम अजून चालू आहे. इथे तोंडात 'राहणे' पण आलं नाही आणि 'ठेवणे' पण नाही, आलं ते 'अजून'. मग क्रियापद बदलायचंच कशाला, 'आय ॲम स्टिल वर्किंग ऑन द रिपोर्ट.' कित्येकदा 'कीप ऑन'ची जागा दुसरं क्रियापद घेत नाही, एक छोटासा 'स्टिल' घेतो, आणि तो कुठल्याच यादीत नसतो.

दुसरं, 'प्लीज कीप ऑन द ओल्ड फॉरमॅट.' जुना फॉरमॅट तसाच ठेवा. ना अंगावर घातलाय, ना नोकरीला लावलाय, 'ऑन'चं इथे काही काम नाही. 'प्लीज कीप द ओल्ड फॉरमॅट', जरा औपचारिक हवं असेल तर 'रिटेन'.

तिसरं, 'द क्लायंट कीप्स ऑन आस्किंग फॉर चेंजेस.' क्लायंट बदल मागत बसलाय. ठिपके आहेत, वैताग आहे. मेल क्लायंटला जाणार असेल तर 'हॅज आस्क्ड फॉर सेव्हरल चेंजेस' करा आणि वैताग स्वतःपाशी ठेवा. फक्त टीमला जाणार होता, म्हणून मी हे वाक्य आहे तसंच ठेवलं.

चौथं, 'वी शुड कीप ऑन द कन्सल्टंट टिल मार्च.' व्याकरणाने बरोबर आहे, मार्चपर्यंत त्याला ठेवू. पण माझा अनुभव तुम्हाला माहीतच आहे, नोकरीच्या बाबतीत मी आता 'रिटेन' लिहिते, किंवा सरळ 'एक्स्टेंड द कन्सल्टंट्स कॉन्ट्रॅक्ट टिल मार्च'.

पाचवं, 'द लॉगिन प्रॉब्लेम इज कीपिंग ऑन.' लॉगिनचा प्रॉब्लेम काही हटत नाही. हटत नाही म्हटल्याबरोबर औषधाचं वेष्टन आठवलं. 'द लॉगिन प्रॉब्लेम पर्सिस्ट्स', आणि मेल गेला.